अनुभव धागा: तुमचा पहिला रॉड, पहिलं रील

काठावरची

काल माळा आवरताना बाबांचा रॉड सापडला. दोन तुकड्यांचा, फायबरग्लासचा, हिरवट. बुचाची मूठ त्यांचा अंगठा टेकायचा तिथे खोलगट झालीये. माझा अंगठा त्या खळगीत ठेवला आणि तिथेच फतकल मारून बसले. बाबा जाऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून मी गळ हातात धरलेला नाही.

लेक (वय ११) शिडी धरून खाली उभी होती. म्हणाली, "आई, मला शिकवशील?"

म्हणून हा धागा. मला एकच संच घ्यायचाय. स्वस्त हवा, आणि तळं, नदी, खाडी तिन्हीकडे चालायला हवा. दुकानात गेलं की भिंतभर रॉड बघून गोंधळ उडतो. मागे पहिल्या पगारातून मी स्वतः रॉड घेतला होता, नऊ फुटी, हेवी. मोठा मासा लागला तर तुटायला नको हा एकच विचार. झालं काय, की पाच-सात ग्रॅमचं आमिष लांब जाईचना. रॉड वाकलाच नाही तर आमिष उडणार कसं? बाबा तेव्हा एवढंच म्हणाले, "काठी माशाच्या मापाची नको गं, आमिषाच्या मापाची घे."

तुमचं काय झालं ते लिहा. काय घेतलंत, काय चुकलं, कशाने निभावलं.

भरतीओहोटी

७ फूट, मीडियम, रील २५०० किंवा ३००० मापाचं. डोळे मिटून घ्या. बाकी रात्री सविस्तर लिहितो, आत्ता गाडीत आहे.

शिसेगोळी

बाबा लाख बोलले तुमचे. मला हेच कळायला दोन वर्षं लागली. मुठीच्या जरा वर रॉडवरच छापलेलं असतं, ७ ते २१ ग्रॅम, ८ ते १४ पौंड असं काहीतरी. पहिला आकडा आमिषाच्या वजनाचा, दुसरा दोरीच्या ताकदीचा. दुकानात सगळे रंग बघतात, हे कोणी वाचत नाही.

आणखी एक घोळ म्हणजे पॉवर आणि ॲक्शन. रॉड वाकवायला जोर किती लागतो ती पॉवर. तो कुठून वाकतो ती ॲक्शन. फास्ट म्हणजे फक्त शेंड्याकडून वाकतो, स्लो म्हणजे मुठीपर्यंत कमान होते. मी 'एक्स्ट्रा फास्ट' म्हणजे जास्त चांगला समजून घेतला. शेंडा सोडला तर बाकी रॉड इतका ताठ की मासा उडी मारून डोकं झटकायचा आणि गळ सुटायचा, कारण ताण सोसायला रॉडमध्ये लवचीकपणाच नव्हता. आता मीडियम पॉवर आणि मॉडरेट फास्ट वापरतो. फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) लावून गांडुळावर बसा नाहीतर छोटा स्पिनर (फिरत्या पात्याचं धातूचं आमिष) फेका, दोन्हीला जमतो.

लांबीचं म्हणाल तर साडेसहा ते सात फूट. झाडाखाली अडकत नाही आणि उघड्या काठावरून फेकही बऱ्यापैकी जाते.

चिखलपाय

वाचतेय. बाळ उठलं. परत येते.

तंगूसवाला

मी दोरीवर लिहिणार, कारण लोक रॉड-रीलवर सगळे पैसे घालवतात आणि दोरी उरलेल्या चिल्लरीतून घेतात.

पहिल्यांदा ब्रेड लाइन, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी, घेतली तेव्हाची गोष्ट. बारीक, मजबूत, ताण दिला तरी लांबत नाही, सगळं खरं. थेट स्पूलला, म्हणजे रीलमधल्या दोरीच्या रिळाला, गाठ मारून गुंडाळली. तिसऱ्याच दिवशी जन्मात लागला नव्हता असा मासा लागला. मी फिरवतोय, फिरवतोय, पण दोरी आत येईना. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी किती ताणाला सुटेल ते ठरवणारा रीलचा ब्रेक) घट्ट केला, आणखी घट्ट केला, तरी तेच. मासा खडकात शिरला आणि गेला. घरी येऊन रील उघडलं तर बिचारं ठणठणीत होतं. ब्रेड गुळगुळीत असते, धातूच्या स्पूलवर ती पकड घेत नाही, सगळा गठ्ठाच्या गठ्ठा स्पूलवर गरगर फिरत होता! आधी पाच-दहा मीटर साधं नायलॉन गुंडाळायचं, त्यावर ब्रेड. नाहीतर स्पूलला चिकटपट्टीचा एक वेढा. एवढंच करायचं होतं. तो मासा आजही झोपेत दिसतो.

नवशिक्याने मात्र ८ ते १० पौंडाचं नायलॉनच भरावं, असं मी कळकळीने सांगेन. ते ताणलं जातं, म्हणजे उशिरा किंवा जोरात झटका दिला तरी सांभाळून घेतं. गाठी सोप्या बसतात. गुंता झाला तर सुटतो, ब्रेडचा गुंता कात्रीनेच सुटतो.

शांतपाणी

काठावरची ताई, मूठ वाचून गलबलून आलं. माझ्याकडे मामाची आहे तशीच. एक विनंती, ती मूठ पॉलिशपेपरने घासू नका. काळपट दिसते म्हणून मी घासली आणि मामाच्या बोटांची खूण गेली. मऊ कापड, कोमट पाणी, थोडा साबण, बास.

काठावरची

@शांतपाणी, बरं झालं सांगितलंत, पॉलिशपेपर काढूनच ठेवला होता. आता आत ठेवते.

रॉडचे दोन तुकडे एकमेकांत घट्ट बसलेत, निघतच नाहीयेत. यजमान पक्कड घेऊन आले होते, मी थांबवलं.

गुडघाभर

पक्कड नको!!! नळी चिरडेल.

ताई असं करा. खुर्चीत बसा, रॉड गुडघ्यांच्या मागून आडवा घ्या, सांधा बरोबर मध्ये येईल असा. दोन्ही हात गुडघ्यांच्या बाहेरून, सांध्याच्या दोन बाजूंना घट्ट. आता हात नुसते धरून ठेवा आणि गुडघे हळूहळू फाकवा. जोर पायांचा आणि सरळ रेषेत लागतो, म्हणून रॉड पिळला जात नाही. निघाला की सांध्याला मेणबत्तीचा तुकडा हलका फिरवून ठेवा, परत अडकणार नाही.

भरतीओहोटी

गुडघाभर काका तुम्ही!! कितीतरी दिवसांनी दिसलात. ऑपरेशन झालेला गुडघा कसा आहे?

गुडघाभर

अरे, चालतोय आता. उभं राहून दोन तास टाकतो, मग बसायला लागतं. तू त्या पहाटेनंतर गेलास का परत त्या धक्क्यावर?

भरतीओहोटी

एकदा गेलो. तुमच्याशिवाय करमलं नाही. ये म्हणा, रविवारी येतो.

फिरकी

रीलवर बोलू का? डब्यावर '१२+१ बेअरिंग' लिहिलेलं बघून घेतलं होतं. सहा महिन्यांत हँडल लटलट. शेजाऱ्याचं चार बेअरिंगवालं आठ वर्षं चालतंय. बेअरिंग किती यापेक्षा अंग किती ताठ आहे ते महत्त्वाचं. ताण आला की हलक्या प्लॅस्टिकचं अंग पिळवटतं, आतले दाते एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि झिजतात.

आता दुकानात मी तीनच गोष्टी बघते. हँडल धरून पुढे-मागे हलवते, खेळ किती आहे ते कळतं. दोरी अडवणारी तारेची कमान उघड-बंद करते, फटकन बसली पाहिजे. आणि ड्रॅग अर्धवट आवळून दोरी हाताने संथ ओढते. एकसारखी सुटली पाहिजे. थांबून थांबून, गचके देत सुटली तर ते रील तिथेच ठेवायचं. दोरी तुटते ती त्या पहिल्या गचक्यालाच.

गिअर रेशो ५.२ किंवा त्याच्या आसपास घ्या. हँडलच्या एका फेऱ्यात दोरी गुंडाळणारा भाग पाच वेळा फिरतो, सगळ्या कामांना बरा वेग. आणि हो, बहुतेक स्पिनिंग रीलचं हँडल काढून दुसऱ्या बाजूला लावता येतं. लेक डावखुरी असेल तर काळजी नको.

काठावरची

@फिरकी, डावखुरीच आहे! हे विचारायचं मनात होतं आणि राहून गेलं होतं.

जुनेपाने

थोडं विषयांतर, पण राहवत नाही. हे जे समोरून दोरी सुटणारं, स्पूल जागच्या जागी राहणारं स्पिनिंग रील आहे, त्याचं पेटंट इंग्लंडमध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली घेतलं. हा गृहस्थ कापड गिरणीच्या धंद्यातला. सुताच्या कांडीवरून धागा टोकाकडून कसा अलगद सुटतो ते रोज डोळ्यांसमोर, तीच युक्ती दोरीला लावली. आधीच्या रीलमध्ये स्पूल स्वतः फिरायचं, त्यामुळे हलकं आमिष फेकणं अवघड, ते स्पूल फिरवण्याइतकी ओढच त्याच्यात नसते. आज आपण पाच ग्रॅमचं आमिष सहज फेकतो ते यामुळे.

लहान मुलांसाठी बटण दाबून दोरी सोडायचं झाकणवालं रील असतं ना, ते लोकप्रिय करणाऱ्या झेबकोची गोष्ट तर आणखी भारी. ती मूळची तेलविहिरींसाठी टाइमबॉम्ब बनवणारी कंपनी, 'झिरो अवर बॉम्ब कंपनी'. १९४९ मध्ये तिथून पहिलं रील बाहेर पडलं.

चिखलपाय

आले परत. माझ्या मुलाला ते बटणवालंच दिलं होतं, सहा वर्षांचा होता. पहिल्याच दिवशी फेकायला लागला. पण अकरा वर्षांच्या मुलीला सरळ स्पिनिंग द्या, अर्ध्या तासात जमेल. बेटकास्टरच्या (ज्यात फेकताना स्पूल स्वतः फिरतं ते रील) वाटेला मात्र सुरुवातीला जाऊ नका. अंगठ्याने स्पूल वेळेवर थोपवलं नाही तर दोरीचं घरटं होतं, मुलं रडकुंडीला येतात.

टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा रॉड, घेऊ नका असंही सांगेन. पिशवीत मावतो म्हणून घेतला, वाळूचा कण सांध्यात गेला आणि एक तुकडा कायमचा अडकला. प्रवासाला न्यायचा तर तीन-चार तुकड्यांचा बरा.

कोरडाबर्फ

कार्बन की ग्लास, यावर कोणी बोललं नाही. माझा कार्बनचा पहिला रॉड माशाने नाही, गाडीच्या दाराने मोडला. नवा होता, नऊ दिवसांचा. कार्बन हलका, हातात जिवंत वाटतो, माशाने नुसतं टोचलं तरी कळतं. पण कडेने धक्का बसला, दगडावर आपटला की न दिसणारा ओरखडा पडतो, आणि पुढे कधीतरी साध्याशा ओढीला कट्कन जातो. ग्लास जड, पण सोशिक. मुलांसाठी आणि एकाच संचात सगळं करायचं असेल तर दोन्ही मिसळलेला कंपोझिट घ्या. मी आता तोच वापरतो.

रॉड आकाशाकडे उभा करून मासा उचलू नका, सगळा भार शेंड्यावर येतो. जाळी वापरा.

आणि हे हात जोडून सांगतो, कार्बनमधून वीज वाहते. वरून तारा जात असतील तिथे फेकायचं नाही, ढग गडगडले की रॉड खाली ठेवून काठ सोडायचा. मासे उद्याही असतात.

शांतपाणी

शेवटचं वाक्य लेकीकडून पाठ करून घ्या.

फिरकी

दोरी ओवायच्या कड्या तपासायला कापसाचा बोळा आतून फिरवा. तंतू अडकले तर कडीला चीर आहे समजा, ती दोरी कापत राहणार. बाबांच्या रॉडलाही करून बघा ताई.

काठावरची

केलं. टोकाच्या कडीत कापूस अडकला. बाकीच्या छान आहेत. सांधाही सुटला, @गुडघाभर काका, तुमच्या युक्तीने! लेकीने आणि मी मिळून सोडवला. यजमानांनी पक्कड परत नेली.

बाबांच्या रीलचं काय करू? हँडल हलत नाहीये.

गुडघाभर

शाब्बास! टोकाची कडी बदलता येते. गरम केली की जुना गोंद सुटतो, फक्त बेताने, ग्लास जळायला नको.

रील जोर लावून फिरवू नका. बाजूची झाकणपट्टी उघडा, प्रत्येक स्क्रू काढताना फोटो काढा, काढलेल्या क्रमाने कापडावर मांडा. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं असेल. ते रॉकेलमध्ये भिजवलेल्या ब्रशने सोडवा, खिडक्या उघड्या ठेवून, आणि जवळपास ज्योत नको. गंजलेल्या जागी तेलाचा थेंब आणि एक रात्र. मग दात्यांना नवं ग्रीस, पातळ थर.

नवं घ्याल त्याला खाऱ्या पाण्यानंतर दर वेळी गोड्या पाण्याचा हलका शिडकावा. पाइपची जोराची धार नको, ती मीठ आत ढकलते. धुण्याआधी ड्रॅग आवळायचा, वाळल्यावर सैल सोडायचा, म्हणजे आतल्या चकत्या चेपून राहत नाहीत.

तंगूसवाला

ड्रॅग वजनकाट्यावर लावा. दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा. १० पौंडाला अडीच-तीन पौंड. काटा गळाला अडकवून ओढायचा. अंदाजाने लावलेला ड्रॅग नेहमी जास्तच घट्ट असतो.

काठावरची

आज घेतला. ७ फूट, मीडियम, कंपोझिट, २५०० चं रील, १० पौंडाचं नायलॉन. '१४ बेअरिंग' म्हणून महागडं रील दाखवत होते, ते ठेवायला सांगून दुसऱ्याची दोरी ओढून बघितली. एकसारखी सुटली.

आणि बाबांचं रील फिरलं. आत्ता, तासाभरापूर्वी. तेच टिक टिक टिक. पहाटे अंथरुणात ऐकू यायचं मला, ते निघायच्या आधी एकदा फिरवून बघायचे. लेक म्हणाली, आई परत कर. परत केलं.

शांतपाणी

रेकॉर्ड करून ठेवा ताई तो आवाज. आजच.

भरतीओहोटी

रात्री लिहितो म्हणालो होतो, राहूनच गेलं. पहिल्या दिवशी लेकीला गळ लावून देऊ नका. दोरीला नुसतं १० ग्रॅमचं शिसं बांधा आणि मोकळ्या मैदानात एक बादली ठेवून नेम धरायला लावा. फेकून झालं की कमान हँडलने नाही, हाताने बंद करायची सवय आत्ताच लावा, दोरीला पीळ पडत नाही. स्पूलही काठोकाठ भरू नका, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर मोकळं राहू द्या. बादलीत पाचदा पडलं की मग पाण्यावर न्या.