बोअरच्या जड पाण्यासाठी घरोघरी सॉफ्टनर बसवावेत का?

धागालेखक (लातूर):
आमच्या कॉलनीत प्रत्येक बोअरवर सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारे यंत्र) बसवण्याचा ठराव येऊ घातला आहे आणि माझा त्याला विरोध आहे. त्रास खरा आहे, हे मी नाकारत नाही. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. मात्र सॉफ्टनर क्षार नाहीसे करत नाही. त्यातले रेझिन (प्लास्टिकसारखे बारीक मणी) कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून सोडियम सोडते आणि त्याची क्षमता संपली की ते मिठाच्या पाण्याने धुवावे लागते. आमच्याकडे ड्रेनेज नसल्याने ते खारे धुवण शोषखड्ड्यातून आपल्याच भूजलात मुरणार. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याने उरलेसुरले पाणी खारवावे, हे मला अजिबात पटत नाही. गिझर ५०-५५ अंशांवर ठेवावा आणि कॉइल अधूनमधून लिंबूसत्वाच्या द्रावणात भिजवावी.

प्रतिसाद (छत्रपती संभाजीनगर):
गिझरपुरते हे ठीक आहे, पण सोलर वॉटर हीटरचे काय? उन्हाळ्यात तिथले पाणी ६० अंशांच्या कितीतरी वर जाते आणि ते आपल्या हातात नसते. आमच्या गच्चीवरची काचेची नळी उतरवली, तेव्हा खालचा वीतभर भाग खडूच्या भुग्यासारख्या चुन्याने गच्च भरलेला होता. मग प्लंबर तीव्र ॲसिड ओततात आणि टाकीचा पत्रा खराब होतो. ज्यांच्या घरात वृद्ध माणसे गरम पाण्यावर अवलंबून आहेत, त्यांना दरवर्षी नळ्या उतरवायला सांगणे अन्यायाचे आहे. शिवाय जिथे ड्रेनेज आहे, तिथे आपला आक्षेप लागूच होत नाही.

प्रतिसाद (बीड):
आधी पाणी प्रयोगशाळेत तपासावे. विक्रेते दाखवतात तो टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो, कठीणपणा (म्हणजे जडपणा) मोजतच नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो.

धागालेखक:
सोलरचा मुद्दा मान्य आहे. तरीही त्यासाठी फक्त गरम पाण्याच्या लाइनवर छोटा सॉफ्टनर पुरेसा आहे. संडास, अंगण आणि बागेसाठी तेच पाणी मऊ करून मीठ जमिनीत घालणाऱ्या ठरावाला मी मत देणार नाही.