वाचन, प्रार्थना, उपासना सगळं चालू आहे, तरी आत्मा उपाशी का राहतो? (शिफ्टमध्ये काम करणाऱ्याला जमेल असं सांगा)

कृष्णाकाठ (सांगली)

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

प्रश्न सरळ आहे. कुपवाड एमआयडीसीत तीन शिफ्ट, दर आठवड्याला बदलणाऱ्या. मोबाईलवर वर्षभरात पवित्र शास्त्र (बायबल) पूर्ण करण्याची योजना चालू आहे, रोज तीन-चार अध्याय होतात. रविवारची उपासना, पहिल्या रविवारी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी), सकाळी ग्रुपवर आलेलं वचन, रात्री प्रार्थना. रविवारी मन भरून येतं आणि सोमवारी दुपारपर्यंत ओसरतं. योहान ६:३५ मध्ये प्रभू म्हणतो की त्याच्याकडे येणाऱ्याला भूक लागणार नाही. मग हे रोजचं रिकामेपण कशाचं?

तीन गोष्टी हव्या आहेत: किती आणि काय वाचावं, प्रार्थना कशी करावी, आणि टिकणारी तृप्ती आली हे ओळखायचं कशावरून. "विश्वास वाढवा" एवढंच उत्तर नको, कसा ते सांगा.

अजिंक्यतारा_प्रकाश (सातारा)

दादा, सलाम. आधी वाचनाचं बोलतो, कारण तुमची पहिली अडचण तिथेच दिसते.

पवित्र शास्त्रात ११८९ अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीनहून थोडे जास्त होतात. ही योजना वाईट नाही. तिच्यामुळे शास्त्राची ओळख होते, कुठे काय आहे ते कळतं. पण रात्रपाळीहून आलेला माणूस चार अध्याय वाचतो तेव्हा तो फक्त पुढे सरकत असतो. लेवीयाच्या १३व्या अध्यायापाशी डोळे ओळींवर आणि मन झोपेवर असतं. त्यामुळे ही योजना चालू ठेवायची तर सुट्टीच्या दिवशी ठेवा. रोजच्या अन्नासाठी ८ ते १२ ओव्या पुरे.

पद्धत अशी. भाग मोठ्याने वाचा, सावकाश, तीनदा. पहिल्यांदा काय घडतंय, कोण बोलतंय एवढंच बघा. दुसऱ्यांदा देवाबद्दल इथे काय कळतं ते शोधा. "मला काय मिळालं" हा प्रश्न तिसऱ्या वाचनापर्यंत थांबवा. तो पहिल्यांदाच विचारला की माणूस आपल्या मनात आधीच असलेलं तेच वाचून बाहेर येतो. तिसऱ्या वाचनानंतर वहीत एक वाक्य लिहा, एकच. मग ते वाक्य देवाशी बोलायचं करा: आभार, कबुली, किंवा मागणी, जे त्यातून निघेल ते. सगळं मिळून १५-२० मिनिटं. मठांमध्ये शतकानुशतकं चालत आलेली चाल हीच आहे: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग देवापुढे नुसतं थांबणं. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसी संन्याशाने या चार पायऱ्या नीट मांडल्या. शेवटची पायरी आपल्याकडे हमखास गळते. आमेन म्हणताच उठू नका, दोन मिनिटं गप्प बसा.

काय बिघडतं तेही सांगतो. ग्रुपवर येणारं सुटं वचन. यिर्मया २९:११ सगळ्यांना पाठ आहे, देवाच्या मनातले संकल्प हिताचे आहेत म्हणून. त्याच्या आधीची १०वी ओवी कोणी पाठवत नाही. तिथे बाबेलच्या बंदिवासात सत्तर वर्षं काढावी लागतील असं लिहिलंय. नुसती ११वी ओवी घेऊन बसलेला माणूस सहा महिन्यांत निराश होतो. दहावी वाचलेला धीर धरायला शिकतो. सुटं वचन आलं की तो अध्याय उघडून मागच्या-पुढच्या पाच ओव्या वाचायच्या, एवढी सवय लावा.

वेळ घड्याळाशी बांधू नका, दिवसातल्या एखाद्या घटनेशी बांधा. "पहाटे पाच" हा नियम शिफ्ट बदलली की मोडतो आणि मग अपराधी वाटून सगळंच सुटतं. "झोपून उठल्यावर, फोन हातात घेण्याआधी" हा नियम तिन्ही शिफ्टमध्ये टिकतो. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळी घरी येऊन वाचायला बसू नका, ते झोपेत जातं. दुपारी उठल्यावर, जेवणाआधी बसा. आणि त्या आठवड्यासाठी स्तोत्र १३४ पाठ करा. तीनच ओव्यांचं आहे आणि रात्री परमेश्वराच्या घरात उभं राहून सेवा करणाऱ्यांसाठीच लिहिलंय. मशीनपाशी उभं राहून मनात म्हणता येतं.

रविवारचं सोमवारी उरत नाही याची काळजी करू नका. निर्गम १६ वाचा. रानात इस्राएलांना मिळणारी स्वर्गाची भाकर, म्हणजे मान्ना, रोज सकाळी, माणशी एक ओमर (त्या काळचं माप). दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्याला किडे पडले आणि वास सुटला. शब्बाथाच्या (विश्रांतीच्या दिवसाच्या) आदल्या दिवशीचं दुप्पट तेवढं टिकलं. देवाने साठा करायला दिलाच नव्हता, रोज बाहेर पडून गोळा करायला लावलं. प्रभूच्या प्रार्थनेतही भाकर आजची मागितली आहे.

मिरज_जंक्शन

वरचं सगळं बरोबर आहे, पण क्रम बदलायला हवा असं मला ठामपणे वाटतं. पद्धत नीट केली की तृप्ती मिळेल असा समज झाला तर दादा महिन्याभराने पुन्हा इथेच येतील.

योहान ५:३९-४० बघा. शास्त्र शोधणारे लोक आहेत, त्यात सार्वकालिक जीवन आहे असं त्यांना वाटतं, आणि प्रभू त्यांना म्हणतो की तुम्ही माझ्याकडे यायला मात्र तयार नाही. म्हणजे शास्त्र भरपूर वाचूनही उपाशी राहता येतं. पुढच्याच अध्यायात लोक भाकरी खाऊन तृप्त झाले, दुसऱ्या दिवशी होड्यांतून कफर्णहूमला आले, आणि प्रभूने त्यांना तोंडावर सांगितलं की भाकरी खाल्ल्या म्हणून तुम्ही मला शोधता. त्यांनी विचारलं, आम्ही काय करावं? उत्तर आलं: ज्याला देवाने पाठवलं त्याच्यावर विश्वास ठेवा. "काय करू" या प्रश्नाला "कोणावर भिस्त ठेवतोस" असं उत्तर. वाचायला बसताना एक वाक्य मोठ्याने म्हणा: प्रभू, मला तू हवा आहेस. ते खरं वाटत नसेल तर तेही त्यालाच सांगा. तिथून सुरुवात होते.

मग तपासणी. कोरडेपणाची कारणं वेगवेगळी असतात आणि औषधही वेगळं. सरसकट "जास्त प्रार्थना करा" म्हणणं चुकीचं.

लपवलेलं पाप असेल तर स्तोत्र ३२:३-४ लागू पडतं. दावीद गप्प राहिला तेव्हा त्याची हाडं झिजली. इथे आणखी वाचन केल्याने काही होत नाही. कबुली नाव घेऊन करावी लागते. "माझी सर्व पापे क्षमा कर" यात काहीच उघड होत नाही. "काल अमक्याबद्दल खोटं बोललो" यात होतं. मग १ योहान १:९ वाचा आणि क्षमा झाली असं धरून उठा, तेच पाप रोज उगाळू नका. कोणाचे पैसे अडकवले असतील तर परत करा. जकातदार जक्कयाने चौपट द्यायची तयारी दाखवली (लूक १९:८). भावकीत जमिनीवरून अबोला असेल तर मत्तय ५:२३-२४ प्रमाणे अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करायला जा. समोरचा बोलला नाही तरी आपल्याकडून दार उघडं राहिलं पाहिजे.

प्रभुभोजनाची तयारी शनिवारी संध्याकाळी करा. १ करिंथ ११:२८ मध्ये आधी स्वतःची परीक्षा करून मग खायला सांगितलंय. रविवारी धावपळीत चर्चमध्ये शिरून पाचव्या मिनिटाला ती परीक्षा होत नाही. मात्र परीक्षा करून मेजापासून दूर राहा असं पौल म्हणत नाही. कमकुवत वाटतंय म्हणून न घेणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे आणि तिने माणसं वर्षानुवर्षं उपाशी राहतात.

शरीर थकलं असेल तर १ राजे १९. संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता. देवाने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला दिलं. बोलणं नंतर, होरेब डोंगरावर. रोज पाच तास झोपणाऱ्याने आपल्या कोरडेपणाला अविश्वास म्हणू नये. आणि झोप उडालीय, भूक मेलीय, कशातच मन लागत नाही असं दोन आठवड्यांवर चाललं तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही जा. त्यात विश्वासाची कमतरता काही नाही.

यातलं काहीच सापडलं नाही, तर तो ऋतू आहे असं समजा. स्तोत्र १३ मध्ये पहिल्या दोन ओव्यांत चार वेळा "कोठवर" आलंय. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं. तरी ती प्रार्थनाच आहे आणि शास्त्रात जपून ठेवली आहे. शब्द सुचत नसतील तेव्हा हीच उसनी घ्या.

कृष्णाकाठ (सांगली)

फार उपयोगी. अजून दोन अडचणी. रात्रपाळीच्या आठवड्यात घरगुती सभा चुकते. आणि घरची प्रार्थना लांबते, मुलं कंटाळतात, लहान मुलगा तर झोपतोच.

वाईची_ताई

भाऊ, घरची प्रार्थना दहा मिनिटांपेक्षा जास्त लांबवू नका. एक गीत, त्याचीही दोनच कडवी. सहा-आठ ओव्या, शक्यतो गोष्टीच्या, म्हणून मार्कपासून सुरू करा. त्याचे १६ अध्याय आहेत आणि प्रसंग छोटे आहेत. मुलाला एकच प्रश्न: "यात येशूने काय केलं?" बरोबर-चूक करत बसू नका. मग प्रत्येकाने एका वाक्यात प्रार्थना. मुलांची प्रार्थना मोठ्यांनी "नीट" करून द्यायची नाही, तिथेच ती बंद पडतात. मोठ्यांचं पाच मिनिटांचं प्रवचन हेच कंटाळ्याचं पहिलं कारण असतं. आणि वेळ जेवणाआधीची ठेवा, जेवणानंतर झोप येणारच.

गाण्याला कमी समजू नका. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात "देवाचा दरबार" हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला, तेव्हा भक्ती आपल्या मातीच्या चालीवर व्हावी ही त्यांची तळमळ होती. त्यांची भजनं आजही आपल्या गीतांच्या पुस्तकात आहेत. टाळ असेल तर उत्तम, नसेल तर टाळी. एक धृपद आठवडाभर तेच ठेवा म्हणजे ते मुलांना पाठ होतं. कामावर जाताना मनात तेच चालू राहतं, आणि त्या वेळी वहीतलं वाक्य आठवलं नाही तरी गाणं आठवतं.

सभा चुकते त्याचा उपाय: मंडळीतल्या एकाच माणसाशी आठवड्यातून एकदा भेट ठरवा, अर्धा तास, तुमच्या शिफ्टप्रमाणे दिवस बदलून. एकमेकांच्या वहीतलं एक वाक्य वाचायचं आणि एकमेकांसाठी नाव घेऊन प्रार्थना करायची. फोनवर चालेल, पण महिन्यातून एकदा समोरासमोर. प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना अशा चार गोष्टी एकत्र आहेत. तुमच्याकडे सहवासाची बाजू पडली आहे.

आणि एक गोष्ट वर कोणी बोललं नाही. नुसतं घेत राहिलं तरी आत्मा जड होतो. शोमरोनी स्त्रीशी बोलून झाल्यावर शिष्यांनी प्रभूला जेवायचा आग्रह केला, तेव्हा तो म्हणाला की पित्याची इच्छा पूर्ण करणं हेच माझं अन्न (योहान ४:३४). यशया ५८:१०-११ मध्येही भुकेल्यापुढे जीव ओतणाऱ्याला पाणी दिलेल्या मळ्यासारखं म्हटलंय. तुमच्या शेजारीच मिरज आहे. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केल्यापासून लांबलांबचे रोगी मिरजेत येतात, आणि आज शहरभर दवाखाने आहेत. रोग्याबरोबर आलेला नातेवाईक बाहेर एकटा बसलेला असतो. महिन्यातून दोनदा जा.

जाताना एवढं पाळा: आधी वॉर्डच्या सिस्टरांना विचारा. दहा मिनिटांच्या वर थांबू नका. रोग्याला खायला-प्यायला काही देऊ नका, नातेवाइकाला चहा द्या. प्रार्थना करू का असं विचारा, नको म्हणाले तर आनंदाने नुसतं ऐकून घ्या. हो म्हणाले तर स्तोत्र २३, सहाच ओव्या, आणि दोन वाक्यांची प्रार्थना. "नक्की बरे व्हाल" असं वचन देऊ नका, ते आपल्या हातात नाही.

अजिंक्यतारा_प्रकाश (सातारा)

तिसरा प्रश्न राहिला: तृप्ती ओळखायची कशावरून.

स्तोत्र ६३ काढा. पहिल्या ओवीत दावीदाचा जीव तहानलेला आहे, निर्जल रानात. पाचव्या ओवीत तोच जीव मेजवानीने व्हावा तसा तृप्त होतो. एकाच स्तोत्रात दोन्ही. धार्मिकतेची भूक लागलेल्यांनाही प्रभू धन्यच म्हणतो (मत्तय ५:६). म्हणून देवाची ओढ वाटत राहणं हे अपयशाचं लक्षण समजू नका. योहान ६:३५ मध्ये भूक थांबते ती दारोदार शोधत फिरण्याची. भाकर कुठे मिळते हे एकदा कळलं की माणूस दुसरीकडे हात पसरत नाही.

रविवारचं भरून येणं हे माप धरू नका. पौलाने फिलिप्पैकरांस ४:११-१२ मध्ये, बंदिवासातून, लिहिलंय की कमी असो वा विपुल, समाधानी राहायला मी शिकलो. शिकलो, म्हणजे वेळ लागला. तुमची परीक्षा उसाचं बिल थकलेल्या महिन्यात होईल, आणि बोनस आलेल्या महिन्यातही. दोन्हीकडे बघा. शनिवारी वहीत हे विचारा: या आठवड्यात कोणाचं चांगलं झालेलं ऐकून पोटात दुखलं का? घरात आवाज किती वेळा चढला? कोणाला क्षमा केली? उत्तरं दोन-तीन महिन्यांत हळूहळू बदलतात, आठवड्यात नाही. जो कोणी चांगला विश्वास म्हणजे चांगली कमाई असं शिकवतो, त्याच्यापुढे १ तीमथ्य ६:६-८ ठेवा. तिथे अन्नवस्त्रात समाधान मानायला सांगितलंय.

कृष्णाकाठ (सांगली)

धन्यवाद सगळ्यांना. सोमवारपासून सुरू करतो. कुठला भाग घेऊ? येत्या रविवारी प्रभुभोजन आहे.

मिरज_जंक्शन

योहान ६च घ्या, तुमचा प्रश्न तिथलाच आहे. ७१ ओव्यांचे बरोबर सात भाग पडतात. सोमवार १-१५, मंगळवार १६-२१, बुधवार २२-२९, गुरुवार ३०-४०, शुक्रवार ४१-५१, शनिवार ५२-५९, रविवार ६०-७१. सोमवारचा भाग थोडा मोठा आहे, पण गोष्ट आहे, मुलांबरोबरही वाचता येईल. शनिवारी ५२-५९ येतो तो माझं मांस खा, माझं रक्त प्या हा कठीण भाग, म्हणून त्या संध्याकाळी परीक्षेला अर्धा तास जास्त ठेवा. रविवारचा भाग चर्चला निघण्याआधी वाचा. पुष्कळ शिष्य सोडून जातात आणि पेत्र विचारतो, प्रभू, आम्ही कोणाकडे जाणार? तिथे थांबून मग निघा.