पोट फुगणं आणि ओटीपोटात कळा: कुणाला दाखवावं?

प्रश्न (लातूर): बहीण, वय 29. पोट फुगतं, कधी जुलाब तर कधी खडा, ओटीपोटात कळा. सोनोग्राफी नॉर्मल. ॲसिडिटीच्या गोळ्यांनी फरक नाही.

उत्तर, नांदेडहून: दोन महिने वहीत लिहा: पाळीची तारीख, कळ, शौच. पाळीच्या आसपास वाढत असेल, शौचाला बसताना किंवा संबंधावेळी दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिसचा संशय घ्या. यात गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते, ती आतड्यावर चिकटली की पोटही बिघडतं. तिचे बारीक डाग साध्या सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत, त्यामुळे ‘नॉर्मल’वर विसंबू नका. स्त्रीरोगतज्ज्ञांना वही दाखवा.

बीड: दुखणं शौचाशी जोडलेलं असेल तर आयबीएस (तपासणीत बिघाड न दिसता आतड्याचं काम बिघडणं) असू शकतो. दोन्ही एकत्रही असतात बरं का! आधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), सीलिॲकची (ग्लूटेन या गव्हातल्या प्रथिनाने आतड्याला इजा होणारा आजार) रक्ततपासणी, शौचाची कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज कळणारी) तपासणी करा. तोवर चपाती सोडून नुसत्या भाकरीवर राहू नका. ज्वारीत ग्लूटेन नसतं, गहू बंद असला की आजार असूनही सीलिॲकचा रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

परभणी: ताप आणि घाण वासाचं पांढरं जाणं म्हणजे गर्भनलिकेचा संसर्ग असू शकतो. पाळी चुकून एका बाजूला जोराची कळ, चक्कर आली तर गर्भ नळीत असण्याची भीती. सकाळची वाट बघू नका, 108 लावा.