जी४ मॅकवर टायगर आहे. जुन्या 'मेल'मधून जीमेल आणि आउटलुक चालवायचंय, सल्ला हवा

खिळाजुळारी
नमस्कार मंडळी. डीटीपीचं काम करतो. अ‍ॅपलचा जुना पॉवर मॅक जी४ अजून रोज सुरू होतो, त्यावर टायगर १०.४.११ (मॅकची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम) आहे. पेजमेकरमधली जुनी मराठी पुस्तकं, युनिकोडपूर्व फॉन्टांसकट, 'क्लासिक'मध्ये (त्याहून जुन्या मॅकची सॉफ्टवेअर चालवायची टायगरमधली सोय) जशीच्या तशी उघडतात, आणि पुढच्या लेपर्डमध्ये क्लासिकच काढून टाकलंय. म्हणून टायगर सोडता येत नाही. प्रकाशकांच्या मेल याच मशीनवर याव्यात, प्रूफं इथूनच जावीत, एवढंच हवंय. खाती दोन, दोन्ही वैयक्तिक: जीमेल आणि आउटलुक डॉट कॉम. पासवर्ड अचूक टाकला तरी टायगरचं मेल पुन्हा पासवर्डच विचारतं. एक रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) नुसता पडून आहे, त्याचा काही उपयोग होईल का?

मधलाघर
पायचा उपयोग होईल, तोच खरा उपाय आहे. पण आधी अडतंय कुठे ते बघा, कारण दुखणी दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिलं लॉगिनचं. नुसत्या नाव-पासवर्डावर बाहेरच्या सॉफ्टवेअरला आत घेणं जीमेलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद करत आणलं, आउटलुक डॉट कॉमने १६ सप्टेंबर २०२४ पासून. आता ओऑथ लागतं: ब्राउझरमध्ये तुम्ही परवानगी देता आणि सॉफ्टवेअरला पासवर्डाऐवजी टोकन मिळतं. ओऑथ २.० चं मानक २०१२ चं, टायगर २००५ चा. त्याला हे कळणार कुठून?

दुसरं एन्क्रिप्शनचं. टायगरला टीएलएस (सर्व्हरशी होणारं बोलणं गुप्त ठेवायची पद्धत) १.० च्या पुढचं येत नाही, आणि १.० व १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद झाले. शिवाय सर्व्हर खरा आहे हे पडताळायची त्याच्याकडची मूळ प्रमाणपत्रंही जुनाट. म्हणून टायगरला नवं शिकवण्याच्या फंदात पडू नका, मध्ये पायला दुभाषा म्हणून बसवा.

जीमेलसाठी: खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड (एखाद्या सॉफ्टवेअरसाठीचा वेगळा पासवर्ड) घ्या. पायवर एसटनेल (stunnel, साध्या जोडणीला टीएलएसचं कवच देणारं सॉफ्टवेअर) टाका. मॅक पायच्या पोर्टला (जोडणीच्या क्रमांकित दाराला) साधी जोडणी करेल, एसटनेल पुढे जीमेलशी नव्या टीएलएसने बोलेल. जीमेलचे पोर्ट: मेल घ्यायला ९९३, पाठवायला ४६५. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासायला एसटनेलला सेटिंगमध्ये स्पष्ट सांगावं लागतं, आपणहून तो तपासत नाही. ती ओळ आणि सर्व्हरचं नाव पडताळायची ओळ, दोन्ही घाला. नाहीतर समोर खरंच जीमेल आहे की कोणी तोतया, हे कळायला मार्ग नाही.

आउटलुकला अ‍ॅप पासवर्ड चालणार नाही. तिथे 'ईमेल ओऑथ २.० प्रॉक्सी' हे पायथॉनमधलं मुक्त सॉफ्टवेअर वापरा, प्रॉक्सी म्हणजे मध्यस्थ. ब्राउझरमधली संमती नव्या कॉम्प्युटरवर एकदा द्यायची. पुढे टोकन मिळवणं, नवं करणं हे प्रॉक्सी बघते. मॅकमध्ये जो पासवर्ड टाकाल तो खात्याचा नसावा, स्वतः ठरवलेला वेगळाच ठेवा. त्यानेच प्रॉक्सी टोकन कुलूपबंद ठेवते.

सदाशिवकर
जीमेललाही हीच प्रॉक्सी का नको? एकच व्यवस्था सांभाळायला सोपी.

मधलाघर
चालते, पण गूगलकडे स्वतःचं अ‍ॅप नोंदवावं लागतं, आणि ते 'टेस्टिंग' अवस्थेत राहिलं तर टोकन ७ दिवसांत संपतं. दर आठवड्याला संमती देत बसावं लागेल. म्हणून अ‍ॅप पासवर्डच बरा. फक्त गूगलचा मुख्य पासवर्ड बदललात की अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात, तेव्हा नवा घ्यायचा.

रात्रपाळी
माझं मत थोडं वेगळं. मॅक ते पाय हा टप्पा उघडा असतो, म्हणजे मेल आणि पासवर्ड दोन्ही साध्या अक्षरांत जातात. तेव्हा वायफाय नको, दोघांमध्ये केबल टाका. पायचे हे पोर्ट राउटरवरून बाहेर उघडू नका. आणि मॅकला इंटरनेटची वाट देऊच नका, त्याला फक्त पाय दिसला पाहिजे. २००७ नंतर टायगरची नवी आवृत्ती आलेली नाही. अनोळखी अटॅचमेंट त्यावर उघडणं मला पटत नाही. मेलमधली बाहेरची चित्रं आपोआप दिसण्याचं सेटिंगही बंद करा.

ही सगळी व्यवस्था घरच्या खात्यांपुरती. ऑफिसचं खातं असेल तर आधी तिथल्या आयटीवाल्यांना विचारा.

खिळाजुळारी
मनापासून आभार. आधी जीमेल लावतो, केबलसकट. प्रूफांबरोबर कधी कधी जुने फॉन्टही पाठवावे लागतात, त्याला काही अडचण?

मधलाघर
हो, आहे. क्लासिकच्या फॉन्टांचा ऐवज रिसोर्स फोर्कमध्ये, म्हणजे फाइलच्या फक्त मॅकला कळणाऱ्या वेगळ्या भागात असतो. नुसते जोडले तर विंडोजवाल्याकडे शून्य केबीची फाइल पोचू शकते. स्टफइटने (मॅकवरचं फाइली बांधायचं सॉफ्टवेअर) बांधून पाठवा, प्रूफ पीडीएफमध्येच द्या, आणि एकूण वजन जीमेलच्या २५ एमबीच्या आत ठेवा. पाठवताना फाइल फुगते, म्हणून १८ च्या आसपासच थांबा. आणि नवं खातं जोडण्याआधी कीचेनमधला (मॅक पासवर्ड साठवतो ती जागा) जुना पासवर्ड काढून टाका, नाहीतर मेल तोच पुढे करत राहील.