अपकन्व्हर्जनमधून टोल्युइन हद्दपार करायचं का?

निळाई
दोन कमी ऊर्जेच्या फोटॉनांतून एक जास्त ऊर्जेचा मिळवायचा, हे फोटॉन अपकन्व्हर्जन. पॅलेडियम पॉर्फिरिनसारखं धातूचं संयुग हिरवा प्रकाश शोषतं, ट्रिप्लेट या जास्त काळ टिकणाऱ्या उत्तेजित अवस्थेत जातं आणि ती ऊर्जा डायफिनाइलअँथ्रासीन या सेंद्रिय रेणूला देतं. असे दोन ट्रिप्लेट रेणू एकमेकांना भिडले की एक शांत होतो, दुसरा निळा प्रकाश टाकतो. ५३२ नॅनोमीटरचा लेझर सोडला की द्रावणात निळी रेघ उमटते.

पण हे सगळं अजूनही टोल्युइन नाहीतर डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) या द्रावकांमध्येच का? डीएमएफ प्रजननाला घातक आहे, युरोपीय संघात डिसेंबर २०२३ पासून त्यावर निर्बंध आहेत. सौरऊर्जेच्या नावाने काम करायचं तर द्रावकही हरित हवा. कार्यक्षमता थोडी घसरली तरी मला चालेल.

तिरपा किरण
साफ असहमत. थोडी कुठे? ट्रिप्लेट मरायच्या आत दोन रेणू भेटले पाहिजेत. कोलिन क्लोराइड-ग्लिसरॉलसारख्या हरित पण दाट मिश्रणात रेणू हलतात कुठे? मंद प्रकाशात निळा प्रकाश तीव्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात मिळतो, म्हणजे प्रकाश निम्मा केला की उत्पन्न पाव. दाट द्रावकात हा वर्गाचा टप्पा ओलांडायलाच जास्त प्रकाश लागतो आणि ऊन तेवढं प्रखर नसतं. पाण्यात तर डायफिनाइलअँथ्रासीन विरघळतच नाही.

शिवाय क्युव्हेटमध्ये (नमुन्याच्या छोट्या पारदर्शक पात्रात) द्रावक असतो दोन-तीन मिलीलिटर. पॉर्फिरिन शुद्ध करताना गाळणीच्या कॉलममधून डायक्लोरोमिथेन हा द्रावक किती जातो? आधी ते थांबवा.

निळाई
कॉलमचा मुद्दा मान्य. पण तुम्ही ऑक्सिजन विसरलात. हवेतला ऑक्सिजन ट्रिप्लेट विझवतो, म्हणून टोल्युइनचं द्रावण गोठवून, हवा ओढून, वितळवून पुन्हा तेच करावं लागतं. दाट मिश्रणात ऑक्सिजन कमी विरघळतो आणि सावकाश सरकतो, हा फायदाच आहे. आणि लिमोनिन घ्या: लिंबूवर्गीय सालींतून मिळतं, पातळ आहे, वर सिंगलेट ऑक्सिजन (ट्रिप्लेटची ऊर्जा घेऊन उत्तेजित झालेला ऑक्सिजन) स्वतःच खाऊन टाकतं.

तिरपा किरण
खातं म्हणजे स्वतः ऑक्सिडाइझ होतं. त्यातून बनणारी हायड्रोपेरॉक्साइडं त्वचेला ॲलर्जी आणतात आणि लिमोनिन जलचरांना विषारी आहे. सालीतून आलं म्हणून हरित ठरत नाही. बंद कुपीत ठीक, पण रोज उन्हात राहणाऱ्या उपकरणात हे संरक्षण किती टिकणार?

धातुवेडी
दोघंही द्रावकावरच अडलात. पॅलेडियम, रुथेनियम दुर्मिळ आहेत, त्यांचं काय? २०१५ मध्ये जर्मनीत माइन्झला क्रोमियमचं ‘रेणवीय माणिक’ तयार झालं. ऑक्सिजन काढलेल्या पाण्यात ते ७७५ नॅनोमीटरला सुमारे ११% क्वांटम यील्डने (शोषलेल्या दर शंभर फोटॉनांमागे सुमारे अकरा बाहेर टाकत) चमकतं. स्वस्त धातू आणि पाणी, दोन्ही एकदम! मी तर यावरच पैज लावेन.

तिरपा किरण
७७५ नॅनोमीटर म्हणजे १.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट. डायफिनाइलअँथ्रासीनच्या ट्रिप्लेटला साधारण १.७७ लागतात. ऊर्जा चढावर जाणार नाही, जोडीदार बदलावा लागेल आणि तोही पाण्यात विरघळणारा.

धातुवेडी
मग शोध जोडीदाराचा करू या. लिगँड (धातूला जोडलेले रेणू) बदलून क्रोमियमची पातळी थोडी वर नेता येते, तेही करता येईल. टोल्युइनमध्ये एखादा टक्का वाढवण्यापेक्षा मला त्यात जास्त रस आहे.