मदत हवी आहे : कमरेला रोज बाळगायला अशनी पिस्तूल की निर्भीक रिव्हॉल्व्हर?

तासगावात बेदाण्याची अडत आहे. हत्याराचा परवाना .३२ बोअरचा (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) मिळालाय. ९ मिमीचं बोअर आपल्याकडे प्रतिबंधित, त्यामुळे सिग पी३६५ सारखी छोटी पिस्तुलं बादच.

दुकानात दोन्ही हाताळली. निर्भीक रिव्हॉल्व्हर साधारण अर्ध्या किलोचं, सहा गोळ्यांचं. पण त्याचं गोळ्यांचं गोल चक्र बुशशर्टाखाली फुगलेलं दिसतं. अशनी चपटं बसतं, मात्र स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढताना घामेजल्या बोटांतून दोनदा निसटली. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे होल्स्टरमध्ये (हत्याराच्या म्यानात), पूर्ण झाकूनच न्यायचंय. प्रवास मोटारसायकलवरून, रोज चाळीसेक किलोमीटर.

किंमत आणि परवान्याची प्रक्रिया माहीत आहे. अशनी रोज बाळगणाऱ्यांनी एवढंच सांगा: गाडीवर वाकल्यावर ते पोटात रुततं का, आणि घाम-धुळीत गोळी अडकते का?