पाळीव कुत्र्याचं लायसन्स आणि लीश, दोन्ही सक्तीचं हवं का?

औंधकर:
पुण्यात कुत्रं पाळायचं तर महापालिकेचं लायसन्स काढावं लागतं हे किती जणांना माहितीये? आमच्या सोसायटीत विचारलं तर बहुतेकांनी "असं काही असतं?" असंच विचारलं. माझं म्हणणं सरळ आहे, लायसन्स नसेल तर दंड, आणि लिफ्ट, जिना, पार्किंग, रस्ता, कुठेही कुत्रं मोकळं दिसलं तरी दंड. आमच्या विंगमधला लॅब्रॉडोर स्वभावाने खरंच गरीब आहे, पण लिफ्टचं दार उघडलं की आधी तो बाहेर झेपावतो आणि मागून मालक "काही करत नाही हो तो" म्हणत येतात. समोर काठी टेकत उभ्या असलेल्या आजींना त्याने चावायलाच हवं असं थोडंच आहे, नुसता अंगावर आला तरी खुब्याचं हाड मोडायचं. कायदा नाही असंही नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे पाळीव प्राण्याच्या बाबतीत हलगर्जीपणा करून माणसाच्या जिवाला धोका होऊ दिला तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण शेजाऱ्याविरुद्ध पोलीस चौकीत कोण जाणार, रोज एकाच जिन्यात तोंड बघायचंय. म्हणून हे काम पालिकेनेच करायला हवं.

ब्रुनोची_आई:
लीशबद्दल शंभर टक्के सहमत. लायसन्सबद्दल अजिबात नाही. मी ब्रुनोचं काढलंय, त्यातून मला मिळालं काय तर एक कागद. फिरायला जागा नाही, बागेच्या गेटवर "कुत्र्यांना मनाई" पाटी. वर सोसायटीची कमिटी त्याच कागदावरून यादी करते आणि लिफ्टचे जादा पैसे मागते. पशुकल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट आहे की सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी घालता येत नाही आणि लिफ्टचे वेगळे पैसेही घेता येत नाहीत, पण ऐकतंय कोण. रस्त्यावर टोळीने फिरणाऱ्या कुत्र्यांना कुठलं लायसन्स लावणार?

रानवारा:
ताई, भटक्यांचा प्रश्न मोठा आहेच, पण म्हणून घरच्या कुत्र्याची जबाबदारी कमी होत नाही ना. मला लायसन्स हवंय ते लसीसाठी. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि कुत्र्याला लस साधारण तिसऱ्या महिन्यात दिली, पुढे बूस्टर चुकवले नाहीत, तर हा प्रश्न मुळातच थांबतो. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांमध्येही पाळीव कुत्र्याची लस आणि नसबंदी मालकाचीच जबाबदारी आहे. ती खरंच दिली का हे दरवर्षी कुणीतरी बघायला नको? गोव्याने कुत्र्यांच्या लसीवर जोर दिला, आणि 2021 मध्ये मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की तीन वर्षांत रेबीजने एकही माणूस गेला नाही.

ब्रुनोची_आई:
गोव्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे लस देणारी माणसं जाळी घेऊन गावोगाव, दारोदार फिरली, रस्त्यावरची कुत्री पकडून जागेवर टोचली. लोकांना ऑफिसात रांगेत उभं करून ते झालेलं नाही.

बर्लिनहून_मी:
इकडे बर्लिनमध्ये कुत्र्यावर वर्षाला 120 युरो कर आहे, दुसऱ्या कुत्र्यापासून प्रत्येकी 180, आणि बाहेर नेताना कराचा बिल्ला लावावाच लागतो. पण ग्रुनेवाल्डच्या जंगलात कुत्री मोकळी सोडायला मोठा भाग राखून ठेवलाय. लीशची सक्ती करा, पण कुत्र्याला धावायला कुठेतरी जागा द्याच. दिवसभर वन बीएचकेत बसलेलं जर्मन शेफर्ड संध्याकाळी खाली आल्यावर ओढणारच.

वस्तीवाला:
सगळे सोसायटीवाले बोलताय म्हणून लिहितो. आमच्या चाळीत कुत्रं म्हणजे पाच घरांचं मिळून एक, भाकरी सगळेच टाकतात, रात्री राखण तेच करतं. लायसन्स कुणाच्या नावाने काढायचं? दंड लावलात की "आमचं नाही" म्हणून सगळे हात वर करणार आणि ते कुत्रं लसीविना रस्त्यावर. आणि पाळलेलं कुत्रं सोडून देणाऱ्याला प्राणी क्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किती तर जास्तीत जास्त 50 रुपये, 1960 सालापासून तेवढाच. आधी तो वाढवा.

औंधकर:
50 रुपयांचं बरोबर आहे, लाज वाटावी असा आकडा आहे. पण कुत्र्याची कुठे नोंदच नसेल तर सोडून देणाऱ्याला पकडणार कसं, म्हणूनच लायसन्स म्हणतोय. चाळीतल्यासारख्या कुत्र्यांना फी नको, पालिकेने वस्तीत येऊन लस द्यावी आणि तिथेच गळ्यात बिल्ला घालावा. बाकीच्यांना व्हेटकडे लस घेतानाच लायसन्स मिळावं, वेगळी खेप कशाला.

ब्रुनोची_आई:
व्हेटकडे मिळणार असेल तर माझी हरकत नाही. पण त्या फीचे पैसे कुत्र्यांसाठीच खर्च व्हायला हवेत, प्रत्येक वॉर्डात कुंपण घातलेलं एक तरी मैदान. ते होईपर्यंत लीशचा दंड घ्या, लायसन्सचा नको.

औंधकर:
मैदानाची मागणी मान्य. पण मैदान होईपर्यंत लस तपासायचीच नाही, हे मला पटत नाही.